उभ्याचं नवरात्र

दसरा झाला की आमची वाडी ओस पडायची. विट्याच्या पुढं पूर्वेला आमचं रान. पाऊस तिकडे हजेरी लावण्यापुरता येतो, आणि त्याच्यावर उगवलेलं गवत दसऱ्यापर्यंत मेंढरांनी मुळासकट खाल्लेलं असतं. मग घरोघरची घोडी बाहेर निघत. त्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, पालाचं कापड, कोंबड्यांची डालगी आणि सगळ्यात वर एखादं बारकं पोर बांधून माणसं मावळतीकडे निघत. कऱ्हाडच्या अंगाला, कोरेगाव-रहिमतपूरच्या अंगाला, जिथे कालव्याचं पाणी आहे आणि ऊसवाले शेतकरी आहेत तिकडे. ते लोक खतासाठी रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवून घेत आणि त्याबद्दल धान्य देत. मिरगाच्या तोंडाला आम्ही परत यायचो. म्हणजे माझं निम्मं बालपण पालात गेलं, आणि थंडीत आपली वाडी कशी दिसते हे मला पंधराव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. ते कळलं आई आजारी पडली त्या साली. सगळे गेले आणि आम्ही दोघी मागं राहिलो.

सगळ्यात आधी कानाला कळलं. मेंढरं असतात तिथे कधी शांत नसतं. ती बें बें करतात, खोकतात, अंग घासतात, झोपेतही त्यांचे जबडे चालू असतात. जन्मल्यापासून तो आवाज माझ्या कानात होता, त्यामुळे तो आवाज आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे वडील, आबा, आणि माझा थोरला भाऊ कळप घेऊन गेले आणि दुपारी मी अंगणात उभी राहिले तर कान नुसते वाजायला लागले. काटेरी झुडपांचा मेंढवाडा उघडा पडलेला, आत लेंड्यांचा थर, कुत्रीसुद्धा मागं राहिली नव्हती. घरात आई घोंगड्यावर पडलेली. मी उगाच भांडी आपटायला लागले. आतून आई म्हणाली, "सुमे, काय गं पडलं?" मी म्हणाले, काही नाही. मग पुन्हा एक तांब्या आपटला.

आई त्याआधी महिनाभर खंगत चालली होती. पोटात उजव्या अंगाला तिला काहीतरी टोचायचं. भादव्यात आबा तिला एसटीनं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही बरोबर होते. पाच दिवस आम्ही तिथल्या व्हरांड्यात काढले. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आबांना बाजूला नेलं. मी लांबून बघत होते. डॉक्टर बोलत होते आणि आबा आपल्या काठीच्या टोकाकडे बघत होते. परत येऊन ते म्हणाले, "गोळ्या दिल्यात. आराम पडंल." आईनं विचारलं, "आनी काय म्हनलं?" आबा म्हणाले, "आनी काय म्हनायचं?" परतीच्या एसटीत त्यांनी आईला खिडकीजवळ बसवलं आणि विट्यापर्यंत एक शब्द काढला नाही. आबा तसेही कमीच बोलायचे, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

जाताना दारात उभं राहून आबा मला म्हणाले, "आईला बग. तुळशीचं लगीन झालं की यिऊन जातो." मी मान हलवली. घर माझ्यावर सोपवलं म्हणून त्या दिवशी मला थोडी ऐटही वाटली, आणि चार दिवसांत त्या ऐटीचा राग झाला. दीडशे मेंढरं उपाशी मरतील म्हणून हा माणूस आजारी बायकोला टाकून गेला, हेच माझ्या डोक्यात फिरायला लागलं. आज साठी ओलांडल्यावर मला त्यांची अडचण दिसते. मेंढरं मेली असती तर आम्ही सगळेच पुढच्या वर्षी कुणाच्या तरी दारात उभे असतो. पण तेव्हा हे कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

वाडीत मागं राहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली आमच्या जवळची म्हणजे काकू, आबांच्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा वारलेला, मुलगा पलटणीत, मेंढरं तिनं विकून टाकलेली. काकू कडक होती. सकाळी एकदा येऊन दारातूनच विचारायची, "हाय का बरं?" आणि उत्तर ऐकायच्या आधी निघायची. मी सकाळी हुलग्याचं माडगं शिजवायची. आईला तेवढंच पचायचं. हुलगे भरडून, गुळाचा खडा टाकून, पातळ, ऊन ऊन. माझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि ठेचा. एकटीसाठी भाकरी थापायला मला फार जड जायचं. पालात एका वेळी पंधरा-वीस भाकरी थापायचे तेव्हा कुरकुर करायचे, आणि आता एकच भाकरी तव्यावर बघून रडायला यायचं. माणसाचं कशावर समाधान नसतं म्हणतात ते माझ्या बाबतीत तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आता उभ्याच्या नवरात्राचं सांगितलं पाहिजे, कारण आजकालच्या पोरांना ते माहीत नाही. दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे सिद्धनाथाचं, म्हणजे आमच्या नाथबाबाचं, नवरात्र असतं. ज्यानं ते धरलं त्यानं ते सगळे दिवस बसायचं नाही. चालायचं, उभं राहायचं, काम करायचं, पण बूड टेकायचं नाही. पायात काही घालायचं नाही. एक वेळ फराळ, तोही उभ्यानंच. झोपायची वेळ झाली की आढ्याला दोर बांधून त्यात छातीइतक्या उंचीवर एक आडवं लाकूड अडकवायचं आणि त्याच्यावर हात टाकून, मान टेकून डोळे मिटायचे. देवळात नाथबाबाची मूर्ती उभी आहे, म्हणून त्याची माणसं उभी. एवढंच त्याचं कारण मला माहीत होतं.

मी हे माझ्या नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, तो दगडाचा आहे. त्याचे पाय कशाला दुखतील?" पोरगा पुण्याला शिकतो, मोबाइलवर माझा चेहरा बघून बोलतो, आणि असे प्रश्न विचारून मला चिडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. मी म्हणाले, तेच तर सांगतेय बाबा तुला. त्याला वाटलं आजी निरुत्तर झाली.

आई दरवर्षी उभी राहायची. कळप जिथे असेल तिथे, पालाच्या शेजारी. डालग्यात कपड्यात गुंडाळलेला देवाचा टाक असायचा, तो दगडावर मांडायचा आणि झालं तिचं देऊळ. उभ्यानंच ती दूध काढायची, उभ्यानंच लोकर पिंजायची, आणि हे करताना तिच्या तोंडावर कष्ट दिसायचे नाहीत. त्या साली मात्र तिला धरून उठवलं तरी ती उभी राहू शकत नव्हती. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "औंदा मी ऱ्हाते." ती म्हणाली, "नगं. तुला झेपायचं न्हाई, आन् माझं कोन करंल?" मी म्हणाले, "तुझं उब्यानं करीन." तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग तोंड भिंतीकडे केलं. तिला वाटलं असेल, पोर दोन दिवसांत नाद सोडील.

तिला ठाऊक नव्हतं की मी देवाकडे काही मागायचं मनात धरून बसले होते. पाडव्याला पहाटे आंघोळ करून देवळात गेले, तिथे काकू आणि वाडीतली आणखी पाच-सहा म्हातारी माणसं नवरात्र धरायला आली होती. सगळ्यांनी "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं आणि मी मनात म्हटलं, मी उभी राहते, तू माझ्या आईला उभी कर. आणि मी जर बसले, तर मग तुला काय करायचं ते कर. हे मला कुणीही शिकवलं नव्हतं. पण एकदा मनात बोलून गेल्यावर ते मला कागदावर लिहिल्यासारखं पक्कं वाटायला लागलं. आईचा जीव माझ्या दोन पायांवर आहे, असं धरूनच मी देवळातून घरी आले.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी घोटे सुजले आणि पाचव्या दिवसापासून तळपाय जमिनीला लागतात की नाही हेच कळेना. पण खरा त्रास पायांचा नव्हता. आमच्या घरात बाजलं नव्हतं. आई खाली घोंगड्यावर, मी वर उभी. तिला माडगं पाजायचं तर मी कमरेत वाकून, एका हातानं तिची मान उचलून दुसऱ्या हातानं वाटी तोंडाला लावायची. निम्मं तिच्या गळ्यावर सांडायचं. मी काकूला विचारलं, उकिडवं बसलं तर चालेल का, बूड तर टेकत नाही. काकू म्हणाली, "बसनं त्ये बसनं. नाथबाबाला काय कळत न्हाई व्हय? घराचं वाटूळं हुईल." ती स्वतः साठीच्या पुढची, पाय खांबासारखे सुजलेले, आणि तरी देवळाच्या भिंतीला पाठसुद्धा लावत नव्हती. तिच्याकडे बघून मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. मग मी वाकायची, पुसायची, पुन्हा सरळ व्हायची. आई हाक मारायची आणि मी उंबऱ्यापाशी उभी राहून "ओ" द्यायची. एका खोलीत असून आम्ही दोघी एकमेकींपासून लांब गेलो होतो. ते दिवस आठवले की मला आजही एकटं वाटतं, आणि ते एकटेपण मीच ओढवून घेतलेलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ऊन दारातून आत घोंगड्यापर्यंत आलं होतं. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होते, डोळे मिटत होते. आई म्हणाली, "सुमे, बस की गं जरा माझ्याजवळ."

मी म्हणाले, "आई, थोडंच दिस ऱ्हायल्यात."

"मला तुझं तोंड दिसंना. नऊ दिस झालं, मी नुसतं तुझं पाय बगाया लागलीया. किती सुजल्यात ते बगवत न्हाई."

मी चौकट आणखी घट्ट धरली. ती पुन्हा म्हणाली, "बस." तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हणाले, "मी बसले तर तू जाशील."

आईनं मान माझ्याकडे वळवली. बाहेर कुठंतरी झाडावर एक होला घुमत होता, तेवढाच आवाज. मग तिनं विचारलं, "ह्ये कुनी सांगितलं तुला? काकूनं?"

"कुनी न्हाई. मीच बोललीया नाथबाबाला. मी उबी ऱ्हाते, तू आईला उबी कर म्हनून."

"आन् त्यो काय म्हनला?"

आई हसली. पोटातली कळ आली म्हणून मध्येच थांबली, आणि परत हसली. "अगं येडे," ती म्हणाली, "मी येवडी वर्सं उबी ऱ्हायले ती त्याला सोबत म्हनून. त्यो बाराई म्हयनं एकला उबा. चार दिस आपन त्याच्यासंगं उबं ऱ्हायचं. त्याला टेकू द्यायला न्हवं काय. त्याला आपला टेकू लागत न्हाई."

मी म्हणाले, "मग तू कशी कवा बसली न्हाईस?"

"माझं पाय दुकत नव्हतं तवा. दुकलं आस्तं तर बसले आस्ते." हे खोटं होतं. तिचे पाय दुखताना मी बघितले होते. पण ती पुढं बोलत राहिली, थांबत थांबत, श्वास घेत. "माझ्या सासूच्या आदी त्यो उबा हाय. तिच्या सासूच्या आदी उबा हाय. पटकी आली, मानसं गेली, दुस्काळात वाडी उटून गेली, परत आली. त्यो बसल्याला कवा कुनी बगितला न्हाई. दमत न्हाई गं त्यो. तू दमतीस, मी दमले. दमल्याल्यानं बसावं. माझा जीव तुझ्या येवड्याशा पायावर ठिवू नगंस पोरी, लय जड हुईल तुला."

मी तरीही उभीच होते. भीती अशी एका वाक्यानं जात नाही. मग आईनं हात उचलला. त्या हातात काही उरलं नव्हतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तो हात तिनं नुसता वर धरून ठेवला, माझ्याकडे. किती वेळ धरील, पडेल ना तो खाली, असं मला वाटलं, आणि मी बसले. सरळ बसता आलंच नाही. गुडघे वाकेनात. भिंतीला धरून घसरत खाली आले आणि तिच्या घोंगड्याशेजारी पडले. तिनं तो हात माझ्या तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." तिनं मला तसं म्हणावं, याचं मला हसूही आलं आणि मग मी जे रडायला लागले ते रडतच तिच्या कुशीत झोपले. उन्हं कलेपर्यंत झोपले. उठले तेव्हा ती जागीच होती आणि माझ्या डोक्यातली एकेक जट बोटांनी सोडवत होती.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते असं मी म्हटलं तर कुणाला पटणार नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. माडगं आता सांडत नव्हतं. ती थोडं थोडं बोलायची. लोकर कशी कातायची, आबांना तिखट सोसत नाही पण ते कबूल करत नाहीत, तिला लहानपणी विहिरीत पोहायला यायचं. मला हे शेवटचं माहीतच नव्हतं. मी विचारलं, कुणी शिकवलं? ती म्हणाली, "ढकललं भावानं. शिकले." आम्ही दोघी खूप हसलो. मधून मधून मला आठवायचं, आपण बसलोय. तेव्हा मी तिच्याकडे बघायची, आणि देवळाच्या दिशेला बघायची, आणि मनात म्हणायची, तू आहेस ना उभा? मग मी बसते.

अकराव्या दिवशी दुपारी मी तिच्याशेजारी बसून सुपात बाजरी निवडत होते. तिनं मला काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मला वाटलं तिला डुलकी लागली. सूप खाली ठेवून मी तिचं पांघरूण सारखं केलं तेव्हा कळलं.

माणसं जमली ती भावकीतली म्हातारीकोतारीच. तिला माती द्यायला चार खांदे मिळायलाही शेजारच्या वस्तीवरून माणसं बोलवावी लागली. एका चुलत्याला आबांना आणायला धाडलं. रहिमतपूरच्या बाजूला आहेत एवढंच माहीत होतं, कुणाच्या रानात ते माहीत नव्हतं, त्यामुळे ते सापडायला वेळ लागणार हे उघड होतं. भावकीत सुतक पडलं म्हणून काकूचंही नवरात्र सुटलं. इतके दिवस न टेकलेली ती बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली, स्वतःचे पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं समोर ठेवले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "परवा मी दारातनं बगितलं तुला. बसली हुतीस."

मी तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "शेवटाला ऱ्हायलं हुतं तरी काय? दम धरायचा." मग तीच डोळ्याला पदर लावून रडायला लागली. आता मागं वळून बघितलं तर कळतं की तिलाही माझ्या आईचं दुःखच झालं होतं, आणि दुःखाला कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. आज ती भेटली असती तर मी तिला म्हणाले असते, काकू, एका पोरीच्या बसण्यानं ज्याचं अडतं त्याला तू देव का म्हणतेस? पण तेव्हा मी पंधराची होते. मी तिच्या पायांवर कोमट पाणी घातलं आणि तिचं बोलणं खरं धरलं. आई मला जे सांगून गेली ते माझं समाधान करण्यासाठी, आणि काकू सांगते तो नियम, असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाकडे गेले. सुतकात आत जायचं नसतं, म्हणून दीपमाळेच्या अलीकडेच थांबले. दार उघडं होतं. गुरव नाथबाबाला आंघोळ घालत होता. रोजच्यासारखी. तांब्यानं पाणी घातलं, पंचानं पुसलं, गंध लावलं, फेटा बांधला. आणि देव तसाच. आमच्या घरात एवढं होऊन गेलं आणि त्याचा चेहरा कालच्यासारखाच, डोळे उघडे, पाय जोडलेले. मला त्याचा इतका राग आला की मी तिथून दगड उचलला होता. खरंच उचलला होता. तुला काहीच कसं वाटलं नाही, असं मला त्याला विचारायचं होतं.

किती वेळ तिथे होते कोण जाणे. हातातला दगड गरम झाला. आणि मग हळूहळू दुसरंच काही मनात यायला लागलं. समजा तोही आज बसला असता. समजा माझ्या आईच्या जाण्यानं त्याचेही पाय गळाले असते. मग मी आता कुणाकडे बघितलं असतं? माझी आई गेली, आबा नव्हते, माझ्या अंगात उभं राहण्याचं बळ नव्हतं. सगळ्या वाडीत एकच जण तसाच्या तसा होता. त्याच्या त्या तसंच असण्याचा मला आधार वाटला. आई म्हणाली ते समाधानासाठी नव्हतं, ते तिनं बघितलेलं होतं. तिची सासू गेली तेव्हा, तिची दोन पोरं माझ्याआधी गेली तेव्हा, तिनंही इथे येऊन बघितलं असणार. मी दगड खाली ठेवला. दुःख काही कमी झालं नाही. पण ते एकटीनं धरून ठेवायचं ओझं कमी झालं.

पुढे लग्न होऊन मी सांगलीत आले. माझे मालक कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला होते. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि सगळं मी केलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, ताई, तुम्ही दमत नाही का? मी म्हणायचे, दमते की. आणि दमले की सरळ खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे, त्यांचा हात हातात घेऊन डोळे मिटायचे. त्या बायकांना वाटायचं माझ्या अंगात फार ताकद आहे. ताकद माझी नव्हती. आपण बसलो तरी कुणीतरी उभं आहे, एवढंच मला माहीत होतं. आता या दोन खोल्यांत मी एकटी असते, संध्याकाळ अंगावर येते, तेव्हाही हेच पुरतं. दरवेळी पुरतं असं नाही. पण बहुतेक वेळा पुरतं.

आबा आले तेव्हा आई जाऊन चौथा दिवस होता. भावाला कळपापाशी ठेवून, विट्यापासून चालत आले होते. मी घरात होते. अंगणात काठी टेकल्याचा आवाज झाला आणि मला कळलं. मी बाहेर गेले नाही. मी त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं, चार दिवस मनात घोकून. "तुमाला मेंढरं जास्त झाली." एवढंच म्हणायचं आणि पुन्हा आयुष्यात त्यांच्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी खरंच बोलले नसते. माझा स्वभाव तसा आहे.

बाहेर काकूनं त्यांना बसायला घोंगडं टाकलं, पण ते बसले नाहीत. मेंढके रानात उभे राहतात तसे काठी बगलेत धरून, एक पाय दुसऱ्यावर टेकून, रिकाम्या मेंढवाड्यापाशी उभे राहिले. भावकीतली माणसं आली, बोलली, गेली. कुणीतरी पाणी दिलं, ते उभ्यानं प्याले. सूर्य डोक्यावर आला. मी दारातून बघितलं. त्यांच्या टाचा फुटल्या होत्या आणि एका भेगेतून रक्त येऊन सुकलं होतं. मी बाहेर आले. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "डाक्टर म्हनला हुता, दिवाळी निगायची न्हाई. मला ठावं हुतं सुमे. मला ठावं हुतं आन् मी गेलो."

माझं वाक्य जिभेवर होतं. त्याच्यापेक्षा चांगली वेळ मला मिळाली नसती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. भादव्यापासून हा माणूस ते एकट्यानं उचलून चालत होता, आणि अजून खाली ठेवत नव्हता.

मी म्हणाले, "आबा, बसा."

"कसा बसू गं?"

"बसा. उबं ऱ्हायाला हाय की त्यो."

त्यांनी काठी मेंढवाड्याला टेकवली आणि ते बसले, घोंगड्यावर नाही, खाली मातीत. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी गुडघ्यात डोकं घातलं. मेंढवाड्याची सावली सरकत आमच्या पायांवरून पुढे गेली, काकूनं दोनदा येऊन जेवायला विचारलं, आणि दिवेलागणीपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.